बेअरिंगबंदी

म्यूटला म्यूट का म्हणतात, हे नव्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे मोठी पंचाईत होती. कारण ती एकदा बोलायला लागली की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायचीसुद्धा फट सापडत नसे. पण नाव जुनं होतं. सातवीत असताना तिला वर्गापुढे उभं राहून फक्त पाच ओळी वाचायच्या होत्या, आणि तिच्या तोंडून पाच अक्षरंही बाहेर पडली नव्हती. "अगं, तुझं म्यूटचं बटण कुणी दाबलंय का?" असं बाईंनी अगदी प्रेमानं विचारलं, आणि पुढची दोन वर्षं तिला तेवढं एकच नाव उरलं. मग नववीच्या सुरुवातीला ते बटण कुठेतरी सुटलं. वर्गात कुणीतरी काहीतरी धडधडीत चुकीचं बोललं, म्यूट उठून उभी राहिली, बोलली, आणि छत कोसळलं नाही. छत कोसळत नाही हे एकदा कळल्यावर ती कशाला थांबते!

तर ही म्यूट येत्या शनिवारी नगर वाचनालयाच्या सभागृहात आंतरशालेय वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी गाजवणार होती. निदान तिचा तसा बेत होता. या स्पर्धेचा एक अजब नियम होता. प्रत्येक शाळेची दोघांची जोडी, पण एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं आणि दुसऱ्यानं विरुद्ध. गुण मात्र दोघांचे मिळून. म्हणजे मंचावर एकमेकींची सालटी काढायची आणि खाली उतरून एकच ढाल दोघींनी उचलायची. जोडीतली एक जरी आली नाही, तरी दुसरीनं घरी बसायचं.

म्यूटची जोडीदारीण होती तिची जिवाभावाची मैत्रीण. तिला सगळे पूर्णविराम म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य तीन शब्दांत संपायचं आणि मग ती थांबायची. बाईंनी फळ्यावर विषय लिहिला: 'दुसऱ्या राष्ट्राच्या अण्वस्त्रांच्या महत्त्वाकांक्षेची भीती, हे निर्बंधांना आणि आगाऊ कारवाईला पुरेसं कारण आहे.'

"फार लांब आहे," पूर्णविराम म्हणाली. त्या दिवसाचं तिचं भाषण तिथेच आटोपलं.

चिठ्ठ्या उचलल्या. म्यूटला बाजूनं, पूर्णविरामला विरुद्ध.

दोघींच्या वडिलांची दुकानं एकाच गल्लीत, समोरासमोर. मधलं अंतर बारा पावलं. लहानपणी दोघींनी ते हजारदा मोजलं होतं. म्यूटचे बाबा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचे. ड्रम, पंप, पट्टा, सगळं. फक्त मोटर जळली असेल तर ती उचलून बारा पावलं पलीकडे न्यायची, कारण पूर्णविरामचे वडील मोटरींची तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचे. अख्खी गल्ली त्यांना वाइंडिंगकाका म्हणायची. पंधरा वर्षं असं सुरळीत चाललं होतं. तीन आठवड्यांपूर्वी बाबांनी दुकानाला नवी पाटी लावली, तेव्हा मोठ्या निळ्या अक्षरांत 'वॉशिंग मशीन दुरुस्ती' आणि खाली लाल अक्षरांत आठवणीनं आणखी एक ओळ घातली: 'मोटर वाइंडिंग समोर करून मिळेल.' "पंधरा वर्षं माझ्या मोटरी करतोय तो, एवढं तर त्याचं नाव झालंच पाहिजे," असं ते पेंटरला म्हणाले होते. नाव घालायचं मात्र राहिलं, कारण पाटीवर जागा संपली.

रविवारी सकाळी म्यूटनं दुकानातच तालीम मांडली. एका उघड्या मशीनवर हात टेकून, स्क्रू ड्रायव्हरचा माईक करून. श्रोते एकच, बाबा. तेही अर्धे मशीनच्या पोटात.

"आदरणीय परीक्षकहो! युरेनियम समृद्ध करायचं यंत्र म्हणजे काय? आपल्या वॉशिंग मशीनचा ड्रम कपडे पिळताना गरगर फिरतो ना, त्याचाच लांबचा, महाप्रचंड वेगाचा भाऊ! फिरताना जड ते कडेला जातं, हलकं ते मध्ये राहतं. थोडं फिरवलं की विजेसाठीचं इंधन मिळतं. फिरवतच राहिलं की बॉम्बचा माल! यंत्र तेच, खोली तीच, माणसंही तीच. मग शेजारी नुसता म्हणाला, 'मी आपले कपडे वाळवतोय,' तर आपण मान डोलवायची?"

बाबांचं डोकं मशीनमधून बाहेर आलं.

म्यूटला चेव चढला. "माझे बाबा मशीन दुरुस्त करतात. ते सांगतात, बेअरिंगची घरघर ऐकू आली की उशीर झालेला असतो. पाणी आत कधीच शिरलेलं असतं, गोळ्या गंजलेल्या असतात. बॉम्बचंही तेच! तो तयार झाल्यावर कसले निर्बंध घालणार? तेव्हा घालायचे ते लोटांगण! म्हणून जे करायचं ते आधी. दुकानं बंद करा, सुटे भाग अडवा, आणि तेवढ्यानं नाही भागलं, तर हात उचला. पण आधी!"

"पुन्हा म्हण," बाबा म्हणाले.

"सगळं?"

"घरघरीपासून."

म्यूटनं दुप्पट जोरात म्हटलं. तिला वाटलं, भाषण जमलं. भाषण जमलंच होतं. नको तितकं जमलं होतं.

कारण नेमकं तेव्हा समोरून आवाज आला. घर्र... घर्र... घर्रर्रर्र. वाइंडिंगकाकांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, आणि आवाज त्याच्या आतून येत होता.

बाबा दारात जाऊन उभे राहिले. "दहा दिवस झाले. शटर अर्धं खाली. परवा टेम्पोतून ताडपत्रीत गुंडाळलेला एवढा मोठा ड्रम उतरवला. मी विचारलं, काय रे हे? तर म्हणतो, 'काही नाही, असंच.' पंधरा वर्षांत तो माणूस मला कधी 'असंच' म्हणाला नव्हता!"

"असेल काहीतरी."

"काहीतरी? तेवढा मोठा ड्रम फक्त एका ठिकाणी लागतो. हॉस्पिटलच्या लाँड्रीत. आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीचं काम कुणाकडे आहे?"

काम बाबांकडे होतं. म्यूटला ते माहीत होतं, पण तिचं अर्धं लक्ष 'लोटांगण' हा शब्द कुठल्या हातवाऱ्यावर फेकायचा याच्याकडे होतं. सोमवारी बाबा नटबोल्टमावशींच्या दुकानात गेले, हे तिला कळलंच नाही.

नटबोल्टमावशी म्हणजे गावातलं सुट्या भागांचं एकमेव दुकान. बाबा त्यांचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. "मोठ्या ड्रमला लागणारी बेअरिंगं आहेत तेवढी माझ्यासाठी बाजूला ठेव," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुणाला एकही देऊ नकोस."

"दुसरं कोण मागतंय? एक तुमचे समोरचेच तर आहेत."

"त्याला तर मुळीच नको."

"अहो, मी माल विकते, भांडणं नाही," मावशी कुरकुरल्या. पण जुन्या गिऱ्हाइकाचं मन मोडवेना, म्हणून बेअरिंगचे चारही डबे काउंटरखाली सरकवले.

बुधवारी मधल्या सुट्टीत पूर्णविराम म्यूटच्या बाकापाशी येऊन उभी राहिली. नेहमी ती येऊन बसायची.

"बाबांना बेअरिंग मिळेना. तुझ्या बाबांनी अडवलंय. मावशी तसं म्हणाल्या." ती थांबली. मग तिनं आयुष्यातलं सगळ्यांत लांब वाक्य उच्चारलं. "आणि माझे बाबा म्हणतात की ज्या घरानं आमचं काम अडवलं त्या घरातल्या मुलीबरोबर शनिवारी कुठेही जायचं नाही."

म्यूट ताडकन उठली. "पण तू न आलीस तर मीही बाद!"

"माहीत आहे मला."

"आणि तू?"

"मीही बाद. नियम आहे."

म्यूट घरी आली ती पाय आपटतच. तर दुकानात वेगळीच धमाल चालू होती. वाइंडिंगकाकांनीही उलट डाव टाकला होता. बाबांच्या तीन मोटरी त्यांच्याकडे वाइंडिंगला गेल्या होत्या, त्या त्यांनी परत द्यायचं थांबवलं होतं. मोटरी नाहीत म्हणून तीन मशीनं पोटं उघडी टाकून पडली होती. त्यातलं एक वसतिगृहाचं. तिथल्या रेक्टरबाई फोनवर इतक्या जोरात बोलत होत्या, की बाबांनी फोन हातभर लांब धरला होता.

"सत्तर मुलींचे टॉवेल ओले आहेत! सत्तर! तुम्ही येताय की मी मुलींनाच तिकडे वाळत घालू?"

बाबांनी फोन ठेवला आणि एक कागद म्यूटपुढे सरकवला. "तुझं अक्षर चांगलं आहे. एवढं स्वच्छ लिहून दे."

तिनं वाचलं. वीज कार्यालयाला अर्ज होता. समोरच्या दुकानात मंजुरीपेक्षा जास्त विजेचं मोठं यंत्र चालतं, तरी तातडीनं जोडणी तोडावी.

"बाबा! काकांची वीज तोडणार तुम्ही?"

"आधी. यंत्र पूर्ण व्हायच्या आधी. कालपासून घरघर आणखी वाढलीय, ऐकतेस ना? तूच म्हणालीस, घरघर ऐकू आली की उशीर झालेला असतो. सुटे भाग अडवा, नाही भागलं तर हात उचला. मी काय वेगळं करतोय?"

म्यूटचा चेहरा पडला. तिचं स्वतःचं भाषण, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तिच्यापुढे उभं होतं. "अहो बाबा, ती चिठ्ठी होती! मला चिठ्ठीत बाजूनं आलं म्हणून मी तसं बोलले!"

"म्हणजे तुझा त्यावर विश्वास नाही?"

आणि इथे, कितीतरी महिन्यांनी, म्यूट खरोखरच म्यूट झाली. कारण 'नाही' म्हणावं तर ते खोटं ठरलं असतं. लिहिता लिहिता तिला त्यातलं बरंच पटलं होतं. बॉम्ब झाल्यावर कुणाचं काही चालत नाही, हे खरंच होतं की!

"अर्धा आहे," ती शेवटी म्हणाली.

"मग अर्धा अर्ज लिही," आई आतून येत म्हणाली. आई हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची, आणि कामावरून आली की गळ्यातल्या ओढणीआधी छातीवरचा छोटा बिल्ला काढून ठेवायची. किरणं किती लागली ते त्या बिल्ल्यावर नोंदलं जायचं. आता तो तिनं बाबांच्या नाकासमोर धरला. "अहो, हा बघा. किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. तुमच्या घरघरीपेक्षा वाईट. मला भीती वाटायला नको?"

"वाटते का?"

"सुरुवातीला वाटायची. मग मी काय केलं? मशीन फोडलं? दर तीन महिन्यांनी बिल्ला तपासायला पाठवते, आकडा बघते आणि निवांत झोपते."

"मग त्याच्या दुकानाला काय बिल्ला लावू मी?"

"लावा की. हा काय, इथेच बसलाय. दोन वेण्या घातलेला."

बाबांनी म्यूटकडे पाहिलं. म्यूटनं ताबडतोब पाठ ताठ केली. "मला एक दिवस द्या, बाबा. मी आत जाऊन बघते. तोवर अर्ज जाणार नाही."

"तो दाखवेल तेवढंच बघून येशील."

"नाही येणार. कोपरेसुद्धा बघेन."

"ड्रमचा व्यास मोज. यंत्र चालू करून दाखवायला लाव. आणि चहा घेऊ नकोस, चहा घेतला की माणूस मऊ पडतो."

गुरुवारी शाळा सुटल्यावर म्यूट बारा पावलं चालून गेली. मोजपट्टी, वही आणि टोक केलेली पेन्सिल एवढं घेऊन. शटरखालून वाकून तिनं हाक मारली, "काका, येऊ का?"

"आली! गुप्तहेर आली!"

"गुप्तहेर खिडकीतून येतात, काका. मी दारातून, विचारून आलेय. मी तपासनीस आहे. उघड्या डोळ्यांनी बघणार, वहीत लिहिणार, आणि लिहिलेलं तुम्हालाही वाचून दाखवणार."

काकांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "ये. चहा घेणार?"

"नको. मऊ पडायचं नाहीये मला."

आत व्हार्निशचा ओळखीचा वास होता. खुंट्यांवर तांब्याच्या तारांची वेटोळी चमकत होती. स्टुलावर पूर्णविराम बसली होती, हातात विरुद्ध बाजूच्या भाषणाचा कागद. म्हणजे जायची बंदी असूनही ही पाठ करतच होती! म्यूटला एकदम बरं वाटलं. मग तिला फळीवर बाबांच्या तीन मोटरी दिसल्या. तिन्ही गुंडाळून, व्हार्निश देऊन, वाळवून, चिठ्ठ्या लावून तयार.

"काका, या तर झाल्यात!"

"काम वेळेवरच करतो मी. देत नाही, ते वेगळं."

तिनं ते लिहून घेतलं. आणि मधोमध, लोखंडी चौकटीवर तो ड्रम. म्यूट त्यात अख्खी बसली असती. तिनं व्यास मोजला, कोपरे पाहिले, टेबलाखालीही वाकून आली. "आता चालू करा."

काकांनी बटण दाबलं. घर्र... घर्रर्र... घर्रर्रर्र! चौकट थरथरली, पूर्णविरामनं कानांवर हात ठेवले, आणि म्यूट जागच्या जागी उडी मारून ओरडली, "अहो, हे तर बेअरिंग गेलंय!"

जन्मल्यापासून ती तो आवाज ऐकत आली होती. झोपेतही ओळखला असता.

"गेलंय नाही तर काय!" काका वैतागले. "भंगारातलं जुनं बसवून चालवून बघतोय. रोज आणखी खिळखिळं होतंय. नवं आणायला गेलो, तर तुझ्या बाबांनी अडवून ठेवलंय!"

म्यूट मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. बाबांना ज्या घरघरीची धास्ती होती, ती घरघर बेअरिंग नव्हतं म्हणून होती. बेअरिंग त्यांनीच अडवलेलं. अडवलं म्हणून घरघर वाढली, वाढली म्हणून धास्ती वाढली, धास्ती वाढली म्हणून अर्ज! आणि हे सगळं कुणाच्या कानाला कळलं नाही? ज्यांनी आयुष्यभर बेअरिंगंच बदलली त्यांच्या! घाबरलेला माणूस आपला धंदासुद्धा विसरतो.

पण तिला एकदम आठवलं, की अजून तपासणी संपलेली नाही. हसणं गिळून तिनं विचारलं, "काका, खरं सांगा. हे यंत्र कशासाठी? हॉस्पिटलच्या लाँड्रीसाठी?"

काका तारेचं एक टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले. "खरं सांगू? हो. म्हणजे, नाही. करून ठेवायचं. वापरायचं की नाही ते मग बघू. पण आपल्यालाही येतं, एवढं त्याला कळलं पाहिजे."

म्हणजे बाबांची भीती अगदीच हवेतली नव्हती! म्यूटनं तेही लिहिलं, पेन्सिल जरा दाबूनच. "पण का, काका? बाबांनी तुमचं काय बिघडवलं होतं?"

"काय बिघडवलं?" काका उसळलेच. त्यांनी शटर खाडकन वर ढकललं आणि समोर बोट दाखवलं. "पाटी वाच! पंधरा वर्षं ज्याची कामं मी केली, त्यानं माझ्या नाकासमोर पाटी टांगली. वाच मोठ्यानं!"

म्यूटनं वाचलं. "मोटर वाइंडिंग समोर करून मिळेल. बरं, मग?"

"मग काय मग! मी मोटर घेतो ती दोन दिवसांनी देतो. हा आता गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून, त्याच्या डोळ्यांसमोर, उभ्या उभ्या करून देणार! समोर करून मिळेल म्हणे! माझा धंदा गिळायला निघाला, आणि मी नुसता बघत बसू?"

म्यूटचं तोंड उघडंच राहिलं. एवढी बोलकी पोरगी, पण नेमका शब्द तिला सापडेना. तो पूर्णविरामला सापडला. ती स्टुलावरून उतरली, तिनं पाटीकडे बोट दाखवलं, मग तेच बोट हळूच फिरवून आपल्या पायांखालच्या फरशीकडे आणलं.

"समोर," ती म्हणाली. "म्हणजे इथे, बाबा."

काकांनी पाटीकडे पाहिलं. फरशीकडे पाहिलं. पुन्हा पाटीकडे पाहिलं. त्यांच्या मिशा आधी खाली गेल्या, मग एका बाजूला, मग थरथरायला लागल्या.

"त्यानं... माझी जाहिरात केली होती?"

"लाल अक्षरांत," म्यूट म्हणाली. "तुमचं नाव घालणार होते. जागा संपली."

वही वाचून दाखवल्यावर बाबांची अवस्था काकांपेक्षा वेगळी झाली नाही. बेअरिंगच्या ओळीपाशी ते नुसते स्वतःच्या कानाची पाळी चोळत राहिले. पण मोठी माणसं ती मोठी माणसं. आता प्रश्न पडला, आधी कुणी द्यायचं?

"आधी त्याला म्हणावं, मोटरी पाठव. मग बेअरिंग," बाबा म्हणाले.

म्यूट बारा पावलं गेली.

"आधी बेअरिंग म्हणावं. मग मोटरी," काका म्हणाले.

म्यूट बारा पावलं परत आली. असं चार वेळा झाल्यावर तिनं रस्त्यातच कमरेवर हात ठेवले. "मी काय पोस्टमन आहे का? ज्या माणसाला तुम्ही इथून हाक मारली तर ऐकू जाते, त्याला माझ्याकडून निरोप!" मग तिनं आणि पूर्णविरामनं परस्पर ठरवून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, रस्त्याच्या बरोबर मध्यावर, सहाव्या पावलावर. इकडून म्यूट नटबोल्टमावशींकडून सोडवून आणलेला बेअरिंगचा डबा घेऊन आली, तिकडून पूर्णविराम तीन मोटरी हातगाडीवर ढकलत आली. मावशी साक्षीदार म्हणून खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मी बाई कुणाच्याच बाजूची नाही," त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होत्या. "एक, दोन, तीन!" म्यूट ओरडली. डबा गेला, गाडी आली. दोन्ही दारांत दोघे बाप हाताची घडी घालून दुसरीकडेच बघत उभे होते.

वहीच्या शेवटच्या पानावर तीन अटी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. शटर पूर्ण वर राहील. यंत्र पूर्ण झालं की हॉस्पिटलला दोघांनी मिळून दाखवायचं. आणि 'असंच' हा शब्द दोघांनीही वापरायचा नाही.

"आणि उद्या?" म्यूटनं काकांना विचारलं.

"उद्या काय? उद्या हिची स्पर्धा आहे ना," काका म्हणाले. "इस्त्री केलेला गणवेश कालच काढून ठेवलाय हिनं. मला न सांगता."

शनिवारी सभागृह खचाखच भरलं होतं. म्यूटनं रात्रीच आपलं भाषण अर्धं फाडलं होतं. बाजू मात्र बदलली नव्हती.

"भीती खोटी असते असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "शेजाऱ्याच्या मनात कधीकधी खरंच काहीतरी असतं. बॉम्ब झाल्यावर उपाय उरत नाहीत, म्हणून जे करायचं ते आधीच करावं लागतं. सुटे भाग अडवावे लागतात. पण अडवताना, कशासाठी अडवलं आणि काय केलंत की सोडू, हे लिहून द्यावं लागतं! नाहीतर तो निर्बंध कसला, तो नुसता रुसवा. आणि हात उचलायचा, तर तो अगदी शेवटी. तपासनीस आत जाऊन, कोपरे बघून, बाहेर येऊन 'आता खरंच वेळ उरला नाही' म्हणाला तर! त्याला दारातच अडवलं तर आमची भीती वाढणारच. आणि आम्ही त्याला पाठवलाच नाही, तर मात्र घाबरायचा हक्क आम्हालाही नाही."

मग पूर्णविराम उठली. वेळ होता पाच मिनिटांचा. तिनं तीन घेतली.

"आमच्या गल्लीत बेअरिंग अडवलं. म्हणून घरघर वाढली. घरघरीनं भीती वाढली." सभागृह हसलं. ती हसली नाही. "देशांचंही तसंच होतं. निर्बंधांतून औषधांना कागदावर सूट असते. पण बँका घाबरतात. जहाजं घाबरतात. औषध पोचत नाही. ज्यांनी बॉम्ब मागितलाच नव्हता, ते आजारी पडतात. आणि हल्ला? हल्ल्यानं यंत्र मोडतं. इच्छा मोडत नाही. ती जमिनीखाली जाते. तिथे तपासनीस पोचत नाही." ती थांबली. सगळ्यांना वाटलं संपलं. "माझी मैत्रीण दारातून आली. विचारून आली. म्हणून शटर उघडलं. दार फोडलं असतं, तर नसतं उघडलं."

म्यूट जागेवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. प्रतिस्पर्ध्याला टाळ्या द्यायच्या नसतात हे तिला नंतर आठवलं. तिसऱ्या रांगेत बाबा पूर्णविरामसाठी शिट्टी वाजवत होते, आणि दोन खुर्च्या सोडून बसलेले काका सगळ्यांना सांगत होते, "ती आधीची, वेण्यांवाली, ती आमच्या समोरची!"

परीक्षकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "निकाल सांगण्याआधी एक कुतूहल. चिठ्ठ्या बाजूला ठेवा. तुम्ही दोघी मनापासून कोणत्या बाजूच्या?"

म्यूटनं पूर्णविरामकडे पाहिलं, पूर्णविरामनं म्यूटकडे.

"समोरच्या!" दोघी एकदम म्हणाल्या.

पहिला क्रमांक दुसऱ्या शाळेला गेला, आणि त्यांची जोडी खरंच जबरदस्त होती, त्यामुळे रडायलाही वाव नव्हता. दुसऱ्या क्रमांकाची ढाल मात्र दोघींनी एकेक कान धरून गल्लीपर्यंत मिरवत आणली.

सोमवारी बाबा सकाळीच दुकानाच्या दारात कान देऊन उभे. "अगं, समोरून काहीच आवाज येत नाही. काय करतोय हा?"

"नवं बेअरिंग घातलंय, बाबा. आवाज न येणं म्हणजे काम चांगलं झालं, असं तुम्हीच सांगता ना?"

"ये रे, बघून जा!" उघड्या शटरमधून काकांनी हाक दिली. बाबा गेले. चहा घेऊन, मऊ पडून, तासाभरानं परत आले.

मग पाटीचं काय करायचं यावर दोघांनी अर्धा दिवस खल केला, आणि शेवटी पेंटरला बोलावून लाल ओळ जरा बारीक करून तिच्या शेवटी एक मोठा बाण काढून घेतला. आता घोटाळ्याला जागाच नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. पण सपाट पाटीवर समोर जाणारा बाण काढायचा कसा? पेंटरनं आपल्या परीनं विचार करून तो सरळ वर रोखला. गेल्या आठवड्यात दोन माणसं जळक्या मोटरी घेऊन जिना चढून वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसली.

डॉक्टरांनी अजून काही म्हटलेलं नाही. पण काल दुपारी त्यांच्या दवाखान्यातून बारीक, तीक्ष्ण घरघर ऐकू आली, आणि बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून वर पाहिलं.

"म्यूट," ते म्हणाले, "वही घे."